मे महिन्यात २६ नातेवाईक, ५ गाड्या आणि "तू गोव्यातच असतोस ना!"

म्हापशाचा_भाचा
नमस्कार मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे टाकतोय. मी म्हापशात नोकरीला, सात वर्षं झाली, आणि आमच्या घराण्यात "गोव्यात राहणारा" म्हणजे रोज संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसणारा असा समज आहे. प्रत्यक्षात थिवीची इंडस्ट्रियल इस्टेट ते घर आणि घर ते थिवी, समुद्र शेवटचा कधी बघितला ते आठवत पण नाही.

तर झालंय असं की आजोबांची सगळी पोरंबाळं, म्हणजे पाच भावंडं, त्यांच्या सुना, जावई, नातवंडं, बारकी दोन नवीन धरून २६ डोकी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात गोव्यात जमणार. कोल्हापूर, पुणे, डोंबिवली, बेळगाव अशा चार दिशांनी पाच गाड्या. मोठी आत्या ८१ वर्षांची, गुडघे गेलेत पण "मला लाटांत बसायचंय" हे चार महिन्यांपासून चालू आहे. सगळ्यात लहान मेंबर सात महिन्यांचा.

पुण्याच्या चुलतभावाने एक्सेल बनवलीय (आयटीवाला, एक्सेल केल्याशिवाय तो भाजी पण आणत नाही). दिवस पहिला तेरेखोल, केरी, हरमल, मोरजी. दिवस दुसरा वागातोर, हणजुणे, बागा, कळंगुट, मिरामार, दोनापावला. दिवस तिसरा कोलवा, बाणावली, आगोंद, पाळोळे. रोज रात्री नवीन हॉटेल. वरून खालपर्यंत सगळा किनारा तीन दिवसांत, प्रत्येक बीचला ४५ मिनिटं, त्यात "फोटो" असा वेगळा कॉलम. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले आणि शेवटी "बाकी लोकल बुकिंग वगैरे तू बघशीलच". वगैरे!

मला सांगा हे जमेल का, नसेल तर त्याला कसं समजवायचं, आणि आत्याला खरोखर लाटांत कुठे बसवता येईल. अजून एक, आमचं कुलदैवत फोंड्याजवळच्या कवळ्याची शांतादुर्गा, तिकडे एकदा सगळ्यांनी जायचंय हे नक्की.

फोंडेकरीण
जमणार नाही. तेरेखोल ते पाळोळे नुसता रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण तो एका गाडीचा हिशोब, पाच गाड्या म्हटलं की एकाला पेट्रोल, एकाला बाथरूम, एकाची उलटी, आणि एक गाडी मॅपने भलत्याच गल्लीत घातलेली. आमच्याकडे गेल्या मे मध्ये १७ जण आले होते आणि पर्वरीच्या अलीकडेच दोन गाड्यांचं भांडण झालेलं, कोण कोणाची वाट बघत होतं ते अजून ठरलेलं नाही.

माझं ऐकशील तर रोज हॉटेल बदलायचं डोक्यातून काढ. २६ जणांचं सामान रोज बांधायचं म्हणजे अर्धा दिवस त्यातच जातो, बाळाच्या बाटल्या, आत्यांच्या गोळ्या, ओले कपडे, चार्जर, आणि दरवेळी कोणाची तरी साडी हँगरला राहणारच. पहिली रात्र फोंड्याकडे घ्या. कवळ्याला देवस्थानच्या अग्रशाळेत खोल्या असतात, महाजनांच्या (देवस्थानच्या मानकरी घराण्यांच्या) कुटुंबातले असाल तर आधी कळवून विचारायचं, मे म्हणजे लग्न-मुंजींचा सीझन त्यामुळे आजच फोन कर उद्या नको. खोल्या साध्या असतात, पण सगळे एका आवारात राहतात आणि रात्री व्हरांड्यात चटया टाकून गप्पा मारता येतात, ते रिसॉर्टमध्ये होत नाही, तिकडे जो तो आपापल्या एसीत. जेवण अर्थात शाकाहारी, तिथे मासळीचं नाव काढायचं नाही. तुमच्या कोल्हापूरकरांना एक रात्र सोसेल एवढं.

मग दुसऱ्या दिवशी पूजा, प्रसाद आटपून फोंडा-बोरी-मडगाव मार्गे कोलव्याला, बोरीचा पूल ओलांडला की सासष्टी, म्हणजे मडगावकडचा तालुका. फोंडा ते मडगाव १८ किमी आणि तिथून कोलवा सहा, म्हणजे तासाभराचंच काम. पुढचे दोन्ही दिवस मुक्काम तिथेच, तिथूनच इकडे तिकडे.

आणि आत्यांना बोरीच्या पुलावर गाडी हळू करून दाखवा. देवी मूळची केळशीची, सासष्टीतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी मूर्ती रातोरात जुवारी नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंड्याकडे, आणल्या. मंगेश कुठ्ठाळीहून आला, म्हाळसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून. म्हणजे तुम्ही कवळ्याहून कोलव्याला जाणार तो देवीच्या वाटेचा उलटा प्रवास आहे. आमच्या सासूबाई अजून बोरीला नदी लागली की हात जोडतात.

भरतीओहोटी
एक्सेलमध्ये "भांडण" असा कॉलम टाकायला सांग भावाला, ४५ मिनिटं.

सासष्टीकर
फोंडेकरीण ताईंशी सहमत, बेस दक्षिणेतच. मी पाण्याबद्दल लिहितो कारण दरवर्षी मे मध्ये आमच्या किनाऱ्यावर काय काय बघावं लागतं ते आम्हालाच माहीत.

एक म्हणजे वेळ. दुपारी अकरा ते चार बीचवर जायचंच नाही, वाळूवर अनवाणी पाय टेकत नाही आणि बाळाला तर अजिबात नेऊ नका. सकाळी साडेसहाला जा, नऊला परत. मग संध्याकाळी साडेचारनंतर, सूर्य सातच्या सुमारास बुडतो. जीवरक्षक मात्र सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा एवढेच असतात, म्हणून पोरांना पाण्यात घालायचं ते त्याच वेळात, त्याआधी नुसतं चालायचं. लाल-पिवळे दोन झेंडे रोवलेले दिसतील त्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल असेल तर घोट्यापर्यंत पण नको, कितीही शांत दिसू दे.

आणि हे शांत दिसणंच फसवतं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला हवं ना, ते वाळूतल्या एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही म्हणून लोकांना वाटतं इथे बरंय, निवांत आहे, आणि पोराला घेऊन नेमके तिथेच उतरतात. फुटणाऱ्या लाटांच्या मधे गुळगुळीत गढूळ पट्टा दिसला तर तिथून लांब. कोणी ओढला गेलाच तर किनाऱ्याकडे झुंजत यायचं नाही, दमून जातो माणूस, आडवं पोहायचं किनाऱ्याला समांतर, ओढ संपली की मग बाहेर. आणि हात वर करून ओरडायचं, लाज वाटून घ्यायची नाही. बुडणाऱ्यामागे दुसऱ्याने उडी मारायची नाही, एकाचे दोन होतात, हे तुझ्या कोल्हापूरच्या पैलवान मंडळींना आधीच सांगून ठेव.

आत्यांसाठी पाळोळे. अर्धचंद्रासारखा किनारा, दोन्ही टोकांना खडक, उतार अगदी हळू आणि पाणी गोव्यातल्या बाकी बीचपेक्षा निवांत. प्लॅस्टिकची खुर्ची घोटाभर पाण्यात ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं. आगोंद दिसायला त्याहून सुंदर आहे पण तिथे उतार तीव्र, लाट अंगावर आदळते आणि परत जाताना पायाखालची वाळू नेते, तिथे म्हाताऱ्यांना पाण्यात घालू नका, सुरूच्या सावलीत बसवा. खोला बीचचे गोड्या पाण्याच्या तळ्याचे फोटो बघून तुझा भाऊ हट्ट धरेल, पण शेवटचा रस्ता खडबडीत आणि उतरण, ८१ च्या गुडघ्यांना नाही.

भरती बघायचा जुना हिशोब: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, षष्ठीला साडेचार, आणि मग सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. हा मुंबईकडचा हिशोब, आमच्याकडे थोडी आधीच येते, पण अंदाज येतो. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, सप्तमी-अष्टमीला भांग असतं, तेव्हा पाणी फार चढत नाही की फार उतरत नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना भांगाचे दिवस बरे. तारखा अजून हलवता येत असतील तर कॅलेंडर काढून बघ.

पेडण्याचो_पोर
सगळे दक्षिण दक्षिण करतायत, आमच्या पेडण्यान कितें वायट केलां? कळंगुट-बागाची गर्दी म्हणजे उत्तर गोवा न्हय रे बाबांनो. केरीला सकाळी जाऊन बघा, सुरूची झाडं, समोर तेरेखोलची नदी समुद्राला मिळते, आणि पलीकडे डोंगरावर किल्ला. सावंतवाडीकर सावंत भोसल्यांचा किल्ला, १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी घेतला, आणि १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा लावला, गोवा सुटायच्या सात वर्षं आधी. पोरांना हे सांगा, वॉटर स्पोर्टपेक्षा जास्त लक्षात राहील. गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे. फक्त सुकतीला वाळूमुळे फेरी कधी कधी थांबते. मग किरणपाणीच्या पुलावरून आरोंदा, रेडी करून फिरून यायचं, त्या वाटेने महाराष्ट्रातून जाऊन परत गोव्यात.

पण हो, २६ जणांना घेऊन एका दिवसात तेरेखोल आणि बागा दोन्ही नको, तेवढं मान्य.

मोरजी, मांद्रेला गेलात तर कासवांचा भाग दोरी लावून राखलेला असतो, मादी नोव्हेंबर ते मार्च अंडी घालते पण पिल्लं मे पर्यंत बाहेर येत असतात. दोरीच्या आत कोणी सेल्फीला जायचं नाही. दक्षिणेत आगोंद आणि गालजीबागला पण हेच.

ठाकुर्लीचा_प्रवासी
डोंबिवलीवाल्यांसाठी. वीकेंडला मुंबई-गोवा हायवे धरलात तर माणगावला अडकाल. मी दोनदा अडकलो, दुसऱ्यांदा बायकोने गाडीतच मटार सोलून संपवले. एक्सप्रेसवेने पुणे, कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असं या, लांब वाटतं पण गाडी चालती राहते. म्हणजे पुण्याची आणि कोल्हापूरची गाडी पण वाटेत भेटेल, मिसळ एकत्र. आंबोली घाट उजेडात उतरा. ज्यांना गाडीत बसवत नाही अशा ज्येष्ठांना सरळ रेल्वेने मडगावला उतरवा, कोलवा तिथून पंधरा-वीस मिनिटं.

पेट्रोल गोव्यात महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, तेव्हा पत्रादेवी ओलांडल्यावर टाकी भरायची. जाताना उलट, दारूच्या बाटल्या भरून निघालात तर परमिट लागतं आणि इन्सुलीला गाडी उघडून बघतात, मग आत्यांसमोर काय उत्तर देणार.

बेळगाववाल्यांना कवळे गाठायचं तर खानापूर, अनमोड, मोले, फोंडा हे सरळ. चोर्ला डिचोली-म्हापसा बाजूला बरा. दोन्ही घाटांत रस्त्याची कामं निघत असतात, आदल्या दिवशी कोणाला तरी विचारून निघा.

कुडचड्याची_ताई
खाण्यापिण्याचं कोणी बोललंच नाही!! आधी पाणी. मे मध्ये पुष्कळ ठिकाणी विहिरी तळाला जातात. माझ्या नणंदेने गेल्या वर्षी एक बंगला घेतला होता भाड्याने, नाव सांगत नाही, फोटोत स्विमिंग पूल आणि प्रत्यक्षात सकाळी आठला नळाला वारा. १४ माणसं आणि एक बादली. बुकिंग करताना टाकी किती लिटरची, टँकर कोण मागवणार आणि पैसे कोण देणार हे विचारून घे आणि मेसेजवर लिहून घे, तोंडी नको.

मासळी भरपूर मिळेल, ट्रॉलरची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते त्यामुळे मे मध्ये बाजार चालू. पण एकदम २६ ताटं म्हटलं की चांगल्या ठिकाणी पण तासभर जातो आणि पोरं रडायला लागतात, आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, इसवण (सुरमई) किती, सुंगटां (कोळंबी) किती, बिनमासळीवाले किती. शॅक (बीचवरची खाण्याची झोपडीवजा हॉटेलं) ३१ मे पर्यंत असतात पण मेच्या मध्यापासून काही जण आवरायला घेतात, एकाच शॅकवर अवलंबून राहू नका. बीचवर स्वतः चूल पेटवायची आयडिया कोणाच्या डोक्यात असेल तर विसरा, उघड्यावर स्वयंपाक आणि दारू पिणं दोन्हीला २०१९ पासून दंड आहे. गाडी वाळूत घालणं पण बेकायदा. आमच्या मेव्हण्याने "एकच फोटो" म्हणून घातली होती, चाकं रुतली, भरती यायला लागली, शेवटी ट्रॅक्टरने ओढली. ट्रॅक्टरवाल्याने जे मागितलं ते दिलं, दंड वेगळा, आणि मेव्हणा आता वाळूचा विषय निघाला की उठून जातो.

मानकुराद आंबा खायला घाल सगळ्यांना. हापूसवाले नाक मुरडतील, मुरडू देत. आणि मडगावच्या बाजारात एक चक्कर टाका, मे मध्ये पुरुमेंताचा माल येतो, पावसाळ्याच्या बेगमीचा, सोलं, चिंच, सुक्या मिरच्या, सुकी मासळी, उकडे तांदूळ. समुद्रापेक्षा तिकडेच बायका जास्त रमतील, मी तर दर वर्षी वेर्णेची बस चुकवते त्या नादात.

म्हापशाचा_भाचा
बापरे, एवढी उत्तरं! सगळ्यांचे आभार. भावाला तिथीची पाऊणपट पाठवली, त्याने त्याचा फॉर्म्युला टाकून तारखा दोन दिवस पुढे ढकलल्या आणि आता तो स्वतःच शोधल्यासारखं सगळ्यांना सांगतोय. चालू दे. अग्रशाळेत सात खोल्या मिळाल्या, फोंडेकरीण ताई तुमचं ऐकून त्याच दिवशी फोन केला म्हणून, त्यानंतर त्या तारखेला दोन मुंजी लागल्या. कोलव्याला दोन रात्रींचं झालं. टाकी पाच हजार लिटर, मेसेजवर लिहून घेतलंय ताई.

एक प्रश्न, कोलव्याहून पाळोळ्याला एका दिवसात जाऊन येणं आत्याला झेपेल का, आणि समुद्राच्या कडेकडेने जाऊ की हायवेने?

सासष्टीकर
झेपेल, सकाळी सहाला निघालात तर. मडगावहून हायवेने करमल घाटातून ४० किमीच्या आत आहे, घाट लहान आहे पण वळणं खूप, पुढच्या सीटवर बसवा. कडेकडेने मोबोरपर्यंत जाल आणि पलीकडे बेतूल हाकेच्या अंतरावर दिसेल पण मधे साळ नदी, गाडी जात नाही, चिंचिणे-असोळणे करून फिरावं लागतं. तो बेतूल, खोलगड, आगोंद रस्ता सुंदर आहे, येताना घ्या, उजेड असेपर्यंत. खोलगडावर वारा खात बसता येतं.

आणि एखाद्या पहाटे कोलव्याला किंवा बाणावलीला रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतायत का बघा.

म्हापशाचा_भाचा
आलो जाऊन. लिहायला उशीर झाला कारण सगळे गेल्यावर दोन दिवस नुसता झोपलो.

एक्सेलमधले चौदा बीच होते त्यातले तीन झाले. कोणी विचारलं पण नाही बाकीचे कुठे गेले. कवळ्याच्या व्हरांड्यात रात्री दीड वाजेपर्यंत बसलो होतो, काका लोकांनी आजोबांचं कोल्हापूरचं दुकान कसं बुडालं त्याच्या तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या, तिन्ही खऱ्या असू शकत नाहीत पण तिघेही हटायला तयार नव्हते. बोरीच्या पुलावर गाडी हळू केली, मी आत्याला देवीचं सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली मला माहितीये, माझ्या आजीने सांगितलंय, तू पुढे बघून चालव.

रांपण मिळाली! बाणावलीला पावणेसातला दोन्ही बाजूंनी दोर ओढत होते, आम्ही नुसते बघत उभे होतो तर त्यांनीच हाक मारली. मग काय, बारा-तेरा जण लागलो दोराला. पैलवान मंडळींचे हात पाच मिनिटांत सोलले आणि साठीचे रांपणकार आरामात ओढतायत. जाळ्यात बऱ्यापैकी तारले आणि थोडे बांगडे, आम्हाला एक पिशवी भरून वाटा दिला, पैसे घेईनात. कोलव्याच्या काकूंनी (जिथे राहिलो तिथल्या) त्याच पिशवीचं हुमण (माशांची आमटी) केलं. पुण्याच्या भावाने त्या दिवशी एक पण फोटो काढला नाही कारण दोर ओढताना फोन वहिनीकडे होता.

पाळोळ्याला आत्या पाण्यात बसली. प्लॅस्टिकची खुर्ची लाटेने दोनदा तिरकी केली, सासष्टीकर म्हणाले तसे दोघं धरून होतो, पण ती उठायलाच तयार नाही, साडी कमरेपर्यंत भिजली, चाळीस मिनिटं. एक चप्पल गेली. दुसरी तिने तशीच आणली, म्हणे जोडीची सापडेल. मध्येच म्हणाली तेरेखोल राहिलं की रे, तुझ्या आजोबांनी मला लहानपणी कबूल केलं होतं.

तर पेडण्याच्या पोरा, आत्या अजून माझ्याकडेच आहे, रविवारी आम्ही तिघंच येतोय केरीला. फेरी किती वाजता धरू?

पेडण्याचो_पोर
आत्यांना घेऊन येतोस तर घड्याळ नको, तिथी बघ. सुकती टाळून सकाळी ये. चपलेचं मी पाळोळ्याच्या मित्राला सांगून ठेवतो, डावी की उजवी?